शाळेसाठी ट्यूबा घेताना: पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

आमची मुलगी सहावीत होती. बँडच्या सरांनी वर्गात विचारलं, "ट्यूबा कोण वाजवणार?" हिने हात वर केला. का, ते तिला अजून सांगता येत नाही. आमच्या घरात तोवर पेटी आणि तबल्याच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. त्या दिवसापासून न्यू जर्सीतल्या आमच्या शाळेच्या बूस्टर क्लबात, म्हणजे बँडसाठी पैसे उभे करणाऱ्या पालक समितीत, मी जी अडकले ती मुलगी कॉलेजात गेली तरी सुटलेली नाही. या काळात शाळेने दोनदा नवे ट्यूबा घेतले. पहिल्या खेपेला सपशेल चुकलो, दुसऱ्या खेपेला बरंचसं जमलं. इथल्या मराठी पालकांचे फोन येतात, अधूनमधून पुण्याहून आणि पणजीहूनही. प्रश्न फिरून तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

ट्यूबा, सूझाफोन, युफोनियम हे सगळं एकच ना?

एकाच घरातली, फुंकून वाजवायची पितळी भावंडं आहेत. ट्यूबा थोरला. मांडीवर घेऊन वाजवायचा, कर्ण्यासारखं तोंड वर, आणि सगळ्या बँडचा खर्ज याच्या अंगावर. त्याचं पेटंट बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान मोरिट्झ या दोघांनी १२ सप्टेंबर १८३५ला घेतलं, म्हणजे व्हायोलिन-बासरीच्या मानाने हे कालचं पोर. युफोनियम धाकटा, सूर एक सप्तक वर. सूझाफोन हा अंगाभोवती वेढा घातलेला ट्यूबाच. अमेरिकी बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांच्या सूचनेवरून जे. डब्ल्यू. पेपर यांनी तो १८९३मध्ये पहिल्यांदा बनवला. वरातीच्या बँडमध्ये एखाद्याच्या डोक्यामागे मोठं पितळी सूर्यफूल उगवलेलं दिसतं ना, तो हाच.

ट्यूबा वेगवेगळ्या सुरांचे असतात म्हणे. शाळेने कोणता घ्यायचा?

अमेरिकेतली शाळा असेल तर बी-फ्लॅटचा. इथे फार विचार करू नका.

पेटीच्या भाषेत सांगते. बाजारात चार सुरांचे ट्यूबा मिळतात: काळी पाच (बी-फ्लॅट), पांढरी एक (सी), काळी दोन (ई-फ्लॅट) आणि पांढरी चार (एफ). यातले पहिले दोन मोठ्या नळीचे, मंद्रातले. बी-फ्लॅटची नळी उलगडली तर सुमारे साडेपाच मीटर भरते आणि सीची पाच मीटरच्या जरा आत. ई-फ्लॅटची चार मीटरच्या आसपास, एफची त्याहूनही थोडी कमी.

इथल्या शाळांतली शिकवण्याची पुस्तकं, बोटांचे तक्ते, मार्चिंग बँडचे, म्हणजे चालत वाजवणाऱ्या बँडचे सूझाफोन, सगळं बी-फ्लॅट धरून चालतं. सीचा ट्यूबा हातात दिलात तर मुलाला प्रत्येक सुरासाठी वेगळी बोटं शिकावी लागतात, आणि शरद ऋतूत मार्चिंग बँड सुरू होऊन सूझाफोन गळ्यात पडला की पुन्हा जुनी बोटं आठवावी लागतात. एका शाळेने कुणा व्यावसायिक वादकाचा सल्ला ऐकून दोन सीचे ट्यूबा घेतले होते. मुलं सोडा, सरांचाच गोंधळ व्हायचा.

ब्रिटनमध्ये ई-फ्लॅटला मान आहे. तिथल्या ब्रास बँडमध्ये दोन ई-फ्लॅट आणि दोन बी-फ्लॅट असे चार जण बसतात, आणि त्यांची स्वरलिपीही वेगळी, वरच्या पट्टीच्या चिन्हात लिहिलेली. त्यामुळे भारतात ब्रिटिश वळणाच्या बँडमध्ये शिकलेला मामा अमेरिकेत भाचीला शिकवायला बसला तर दोघांचं भांडण ठरलेलं.

मग विद्यापीठासाठीही बी-फ्लॅटच?

कोणासाठी घेताय त्यावर आहे. स्टेडियममध्ये वाजवणाऱ्या बँडमध्ये इंजिनिअरिंगची आणि नर्सिंगची मुलं असतात. त्यांना शाळेत शिकलेलाच सूर द्या. संगीतात पदवी घेणाऱ्यांचं तसं नाही. अमेरिकी ऑर्केस्ट्रांमध्ये सीचा ट्यूबा रूढ आहे आणि उंच, नाजूक भागांसाठी जोडीला एफचा. ही मुलं बहुधा आपला सीचा ट्यूबा कर्ज काढून का होईना, स्वतः घेतात. दुसरा एफचा ट्यूबा घेणं मात्र विद्यार्थ्याला झेपत नाही. म्हणून विभागाकडे थोडेच पैसे असतील तर एक चांगला एफ घेऊन ठेवावा, तो पुढच्या वीस बॅचेस आळीपाळीने वापरतील.

जाता जाता एक गोष्ट. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ अशी ४४ वर्षं वाजवणारे आर्नल्ड जेकब्स यांचा ट्यूबा यॉर्क या मिशिगनच्या कंपनीने १९३०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या एका वादकासाठी बनवलेला होता. त्या वादकाला तो धरायला नीट बसेना, म्हणून तो तरुण जेकब्सकडे आला. पुढे जगभरच्या नामांकित कारखान्यांनी त्याची मापं घेऊन नकला केल्या. एकासाठी शिवलेला अंगरखा दुसऱ्याला चपखल बसला. ट्यूबाच्या बाबतीत हे नेहमीचं आहे, म्हणून वाजवणाऱ्याला न बसवता मागवू नका.

तीन व्हॉल्व्ह पुरतात का? चारचे फार महाग पडतात.

पहिल्या खरेदीत आम्ही नेमके इथेच चुकलो. व्हॉल्व्ह म्हणजे बोटाने दाबायची कळ. चार व्हॉल्व्हच्या दोन ट्यूबांच्या पैशांत तीन व्हॉल्व्हचे तीन येत होते. समितीत सगळे हिशोबी. तीन घेतले. वर्षभरात सरांच्या कपाळावरची आठी पाहून कळलं की स्वस्तात काय पडलं.

कारण गणिती आहे आणि मजेदार आहे. व्हॉल्व्ह दाबला की नळीत जादा तुकडा जोडला जातो आणि सूर उतरतो. दुसरा व्हॉल्व्ह अर्धा सूर उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड. साडेपाच मीटरच्या नळीला यासाठी अनुक्रमे ३३, ६७ आणि १०४ सेंटीमीटरची भर लागते. तिन्ही एकदम दाबले तर २०४ सेंटीमीटर भर पडते. पण तीन सूर उतरायला खरी गरज असते २२८ सेंटीमीटरची. कारण एकदा नळी लांबली की पुढचा प्रत्येक अर्धा सूर मागतो तो तुकडाही त्या प्रमाणात लांब हवा असतो. २४ सेंटीमीटर कमी पडतात आणि सूर जवळजवळ पाव सूर चढतो. पेटीवाला असता तर आपण त्याला बाहेर काढला असता.

कारखानदार तिसऱ्याची नळी थोडी लांब ठेवून काही तडजोड करतात, तरी पहिला-तिसरा एकत्र दाबून निघणारे खालचे पांढरी एक आणि पांढरी चार हे सूर चढेच राहतात. आणि बँडच्या संगीतात हे दोन सूर पोळीभाजीसारखे रोजचे. चौथा व्हॉल्व्ह एकटाच अडीच सूर उतरवतो, त्यामुळे पहिला-तिसरा जोडीची गरज राहत नाही. दुसरा आणि चौथा मिळून तिघांचं काम बऱ्याच सुरात करतात. वर आणखी एक फायदा: तीन व्हॉल्व्हचा ट्यूबा जिथे थांबतो त्याच्या खालचे सूर चौथ्यामुळे उघडतात, आणि हायस्कूलच्या वरच्या वर्गातल्या रचनांमध्ये ते लिहिलेले असतात.

म्हणून आमचं आताचं धोरण असं: सहावी-सातवीसाठी तीन व्हॉल्व्ह चालतील, आठवीपासून पुढे चारच. पैसे कमी असतील तर नग कमी घ्या.

कॉम्पेन्सेटिंग ट्यूबा हे काय प्रकरण आहे?

वरची २४ सेंटीमीटरची तूट वाद्यानेच आपोआप भरून काढावी म्हणून डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४मध्ये ही रचना आणली. हवा दुसऱ्यांदा व्हॉल्व्हमधून फिरते आणि वाटेत जादा तुकडे जोडून घेते. ब्रिटिश पद्धतीच्या ट्यूबांत आणि चांगल्या युफोनियममध्ये दिसते. वजन वाढतं, किंमत वाढते. शाळेला गरज नाही.

पिस्टन की रोटरी?

हे व्हॉल्व्हचेच दोन प्रकार. आवाजातल्या फरकावर ट्यूबावाले रात्रभर वाद घालू शकतात. तो वाद त्यांना लखलाभ. शाळेने एकच प्रश्न विचारायचा: बिघडलं तर कोण उघडणार?

पिस्टन वरखाली होतात, मुलाला स्वतः काढून पुसता येतात, तेल घालता येतं. फक्त एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या जागी बसवायचा नाही. त्यावर आकडे कोरलेले असतात, तरी दर वर्षी एक महाभाग हे करतोच आणि मग "हवाच जात नाही" म्हणून रडत येतो. रोटरी गोल फिरतात, बोटाला हलके, लहान हातांना सोपे, कारण दाबायचं अंतर कमी. पण त्यांना आतून उघडणं हे कारागिराचं काम, मुलाने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये. जवळपास रोटरी जाणणारा माणूस असेल तर बिनधास्त घ्या.

पिस्टनमध्येही दोन जाती: वरून दाबायचे आणि समोरून दाबायचे. समोरच्यात मनगट आरामात राहतं. दुकानात मुलाला दहा मिनिटं धरायला लावा, लगेच कळतं.

३/४, ४/४, ५/४ ही मापं कसली? माझी मुलगी बारकीशी आहे.

हे आकडे नळीची लांबी सांगत नाहीत. ३/४चा बी-फ्लॅट ट्यूबाही तोच सूर देतो. आकडा सांगतो जाडी, घेर, कर्ण्याचा पसारा. आणि याला कुठलंही सर्वमान्य माप नाही. एका कारखान्याचा ४/४ दुसऱ्याच्या ५/४ एवढा भरतो, अगदी शर्टांच्या मापांसारखं.

बारकीशा मुलीसाठी ३/४. आमची सहावीत असताना ४/४च्या मागे बसली की फक्त वेणी दिसायची. माउथपीसपर्यंत, म्हणजे ओठ लावून फुंकायच्या तोंडापर्यंत पोचायला मान वर ताणायची, त्यामुळे गळा आवळला जायचा आणि सूर दबका यायचा. सरांना वाटायचं हिला श्वास कमी पडतो. शेवटी एका दुरुस्ती करणाऱ्या आजोबांनी पाहिलं आणि म्हणाले, "वाद्य मोठं आहे, मुलगी नव्हे." शाळेने ३/४ आणला आणि महिन्याभरात फरक दिसला. उलट प्रकारही होतो, म्हणजे उंच मुलाला ३/४ दिला तर तो वाकून वाजवतो. त्याला स्टँड हा तात्पुरता उपाय आहे. स्टँड स्वस्त असतो, दोन-चार घेऊन ठेवावेत.

६/४चा मोह मात्र टाळा. बडी ऑर्केस्ट्रा, मोठं सभागृह, भरदार फुप्फुसं असतील तिथे तो शोभतो. शाळेच्या बँडच्या खोलीत तो नुसता घुमतो.

दम्याचा त्रास असलेल्या मुलाला ट्यूबा द्यावा का?

डॉक्टरांना विचारा, मला नाही. एवढं सांगू शकते की वर उल्लेख केलेले जेकब्स यांना दमा होता, फुप्फुसांची क्षमताही कमी होती, आणि श्वास कसा घ्यावा हे शिकवणारा त्यांच्याइतका प्रसिद्ध गुरू या वाद्यात दुसरा झाला नाही.

आणि "मुलीला जमेल का?" हाही प्रश्न येतो, बहुतेक वेळा आजीकडून. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात २००६पासून मुख्य ट्यूबावादक कॅरल यँच आहेत. मिशिगन विद्यापीठात शिकत असतानाच त्यांची निवड झाली. आजींना एवढं सांगा.

मार्चिंग बँडसाठी वेगळं वाद्य घ्यायलाच हवं का?

चालत वाजवायचं असेल तर हो. पितळी सूझाफोन पंधरा किलोच्या घरात जातो, फायबरग्लासचा बराच हलका पडतो. फायबरग्लासला पोचे पडत नाहीत, पण तडे जातात, आणि आवाजाला पितळेची गोलाई नसते. उन्हात तास-दोन तास उभं राहणाऱ्या नववीच्या पोराच्या खांद्याला विचाराल तर तो फायबरग्लास म्हणेल. मीही त्याच्या बाजूने आहे.

फुंकायची नळी बदलून खांद्यावरही घेता येतो असा दुहेरी ट्यूबाही मिळतो. पैसे वाचतील म्हणून शाळा भुलतात. जोड जितके जास्त तितकी गळती जास्त. शिवाय मैदानातल्या धुळीत आणि पावसात वापरलेलं वाद्य हिवाळ्यात कॉन्सर्टला आणायचं, म्हणजे लग्नाला तीच चप्पल जी शेतात. आमची शिफारस: मैदानाची वाद्यं मैदानाला, सभागृहाची सभागृहाला.

किती ट्यूबा घ्यावेत?

पन्नास-साठ जणांच्या बँडमध्ये तीन-चार चांगले ट्यूबावाले असले की आवाजाचा पाया भक्कम होतो. पण मोजायचं ते वादक नव्हे, रोजचा प्रवास. शाळेच्या पिवळ्या बसमध्ये ट्यूबा चढू देत नाहीत. चढू दिला तरी तो कुठे ठेवणार? म्हणून बासरीवाली मुलगी घरी रियाज करते आणि ट्यूबावाला करत नाही, तो आळशी असतो म्हणून नव्हे. शक्य असेल तर प्रत्येक वादकामागे दोन नग असावेत: एक शाळेत, एक वर्षभरासाठी घरी. घरचा जुना, पोचे पडलेला, तीन व्हॉल्व्हचा असला तरी चालतो. नवे ट्यूबा आले की जुने मोडीत काढू नका ते यासाठीच.

कोणत्या कंपनीचा घ्यावा?

मला कोणाकडून कमिशन नाही, तेव्हा शाळांत जे जास्त दिसतं ते सांगते. यामाहाचा वायबीबी-१०५ लहान मुलांसाठी, ३/४, तीन पिस्टन. त्यांचाच ३२१ चार पिस्टनचा, दणकट, त्याचे सुटे भाग सहज मिळतात. ६४१ चार रोटरीचा, वरच्या वर्गांसाठी. जर्मनीतल्या मिराफोनचा १८६ हा रोटरीतला जुना विश्वासू. ही कंपनी १९४६मध्ये बोहेमियातून (आताच्या चेक प्रजासत्ताकातून) हाकलल्या गेलेल्या जर्मन कारागिरांनी वाल्डक्राइबुर्गला सहकारी तत्त्वावर उभी केली. आपल्याकडच्या साखर कारखान्यांची आठवण येते. अमेरिकी कंपन्यांत किंगचा २३४१, समोरून दाबायचे चार पिस्टन. तैवानची ज्युपिटर आणि चीनमध्ये वाद्यं बनवणारी ईस्टमन हेही शाळांत भरपूर दिसतात.

चार व्हॉल्व्हच्या चांगल्या नव्या ट्यूबाला इथे साधारण पाच ते दहा हजार डॉलर मोजावे लागतात. यामुळेच ट्यूबा शाळा विकत घेते, पालक नव्हे.

यापेक्षा महत्त्वाचं: सगळे एकाच मॉडेलचे घ्या. सूर जुळायला सोपं जातं, एका वाद्याचा भाग दुसऱ्याला लागतो, आणि "त्याला चांगला, मला वाईट" ही भांडणं मिटतात.

ऑनलाइन एक-दीड हजार डॉलरला नवा ट्यूबा दिसतोय. काय हरकत आहे?

दिसायला चकाचक असतो. पत्रा पातळ, व्हॉल्व्ह मऊ धातूचे, आणि डाख नीट दिलेला नसतो. दोन वर्षांनी एखादी पट्टी सुटते, कारागिराकडे नेता, आणि तो नावाची पाटी वाचून म्हणतो, याचा भाग मिळणार नाही. त्याच पैशांत चांगल्या कंपनीचा जुना घ्या.

जुना घेताना काय पाहायचं?

पोच्यांना घाबरू नका. तळाचे, बाहेरच्या वळणावरचे पोचे हे ट्यूबाचे मुरुमं आहेत, कारागीर बाहेर काढतो. पाहायचं ते असं.

माउथपीस जिथे बसतो त्या पहिल्या नळीवर गुलाबी-लालसर ठिपके आहेत का? पितळेतलं जस्त झडून गेलं की असं दिसतं आणि धातू आतून सडलेला असतो. ती नळी बदलावी लागते.

सगळ्या सरकत्या नळ्या सरकतात का? अडकलेली एक नळी समजण्यासारखी, चार अडकल्या असतील तर वाद्याकडे वर्षानुवर्षं कोणी पाहिलेलं नाही.

व्हॉल्व्हची हवा धरते का? एक सरकती नळी काढा, ती निघाल्यावर वाद्यावर उघड्या पडलेल्या तोंडावर बोट ठेवा, व्हॉल्व्ह दाबून फुंका. हवा कुठून तरी सुळकन निसटली तर व्हॉल्व्ह झिजलेत. यांचा मुलामा नव्याने देऊन घासून बसवणं हे सगळ्यात महागडं काम.

भारतात किंवा ब्रिटनमध्ये जुना ब्रिटिश ट्यूबा घेत असाल तर एक खास इशारा. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश ब्रास बँडांचा सूर आजच्या ४४० हर्ट्झपेक्षा (पांढरी सहाची सेकंदाला कंपनं) चढा, ४५२च्या आसपास असे. त्या काळचं वाद्य कितीही सुंदर असलं तरी आजच्या बँडमध्ये बसत नाही, नळ्या लांबवून घ्याव्या लागतात.

सरकारी शाळा आहे, निविदा काढावी लागते. तिथे काय लिहायचं?

आमची दुसरी फजिती. निविदेत लिहिलं होतं "अमुक मॉडेल किंवा समतुल्य". समतुल्य या शब्दातून काय आत येईल हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. सर्वांत कमी दराचा जो प्रस्ताव आला त्यातल्या ट्यूबाला व्हॉल्व्ह चार होते, सूर बी-फ्लॅट होता, कागदावर सगळं बरोबर. खोकं उघडलं तर माउथपीसची नळी वेगळ्याच मापाची, शाळेतले माउथपीस डुगडुगायला लागले.

तेव्हापासून आम्ही तपशील लिहितो: सूर, व्हॉल्व्हची संख्या आणि प्रकार, नळीच्या आतल्या व्यासाची मर्यादा, माउथपीसच्या नळीचं माप, वाद्य ठेवायची केस चाकांची, सुटे भाग किती वर्षं मिळतील, जवळचं अधिकृत दुरुस्ती केंद्र किती मैलांवर. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाची अट: समतुल्य म्हणून येणारं वाद्य आधी दोन आठवडे चाचणीसाठी शाळेत द्यावं, आणि ते स्वीकारायचं की नाही हा निर्णय बँड शिक्षकाचा. ही अट घातल्यावर निम्मे प्रस्ताव आपोआप गळतात.

लॅकर की चांदीचा मुलामा?

लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक थर. चांदी रोज पुसणारं कोणी शाळेत नाही.

माउथपीस कोणता?

सुरुवातीला बाखचा १८ किंवा कॉनचा हेलबर्ग, दोन्ही ठिकठाक आहेत. प्रत्येक मुलाला स्वतःचा माउथपीस घेऊ द्या, तेवढं पालकांना परवडतं आणि स्वच्छतेचा प्रश्न मिटतो. शाळेने मात्र माउथपीस ओढून काढायचं यंत्र एक घ्यावं. अडकलेला माउथपीस पक्कडीने काढायला गेलेल्या एका वडिलांनी नळीच पिळून ठेवली. ते इंजिनिअर होते, तरीही.

केस कडक घ्यावी की पिशवी?

शाळेत ठेवायच्या वाद्याला कडक, चाकांची. घरी जाणाऱ्याला जाड पिशवी, कारण कडक केस सेडान गाडीत मावत नाही. खरेदीआधी बँडच्या खोलीचं दार मोजा. हसू नका. नव्या केसा दारातून आडव्या गेल्या नाहीत म्हणून दोन दिवस व्हरांड्यात उभ्या होत्या.

चोरीची भीती खरंच असते?

ट्यूबा कोण चोरणार, असं मलाही वाटायचं. २०११ आणि त्यानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हायस्कुलांमधून एकामागून एक ट्यूबा आणि सूझाफोन चोरीला गेले. त्या भागात मेक्सिकन बांदा संगीताला फार मागणी होती, त्यात ट्यूबा केंद्रस्थानी, आणि वाद्य महाग. बाकी वाद्यांना हातही न लावता नेमके तेवढेच उचलले जायचे.

प्रत्येक वाद्याचा क्रमांक लिहून ठेवा, फोटो काढा, एखाद्या आतल्या जागी शाळेचं नाव कोरून घ्या, आणि शाळेच्या विम्यात ट्यूबा नावाने नोंदवलेला आहे का ते पाहा. "संगीत साहित्य" एवढीच नोंद असेल तर भरपाईच्या वेळी त्रास होतो.

देखभालीला किती लक्ष द्यावं लागतं?

मुलाने रोज: वाजवून झाल्यावर पाणी काढणं (लोक थुंकी म्हणतात, बरीचशी श्वासातली वाफ असते), आणि खाऊन लगेच वाजवायचं नाही. आठवड्याला तेल. महिन्याला सरकत्या नळ्यांना ग्रीस. वर्षाला एकदा कारागिराकडे आतून धुणं. पोचे काढणारा हा माणूस तांबटाचाच सातासमुद्रापारचा चुलतभाऊ. ठोकण्याचा आवाज ऐकला की पुण्याची तांबट आळी आठवते. खरेदीच्या अंदाजपत्रकातच पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला ठेवा. नंतर कोणी देत नाही.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात शाळेचा बँड सुरू करायचा असेल तर?

आधी दुरुस्तीचा माणूस शोधा, मग वाद्य. आपल्याकडे पोलीस आणि लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले वादक हे सोनं आहे. त्यांना वाद्य उघडता येतं आणि शिकवताही येतं. गोव्यात चर्चच्या जुन्या संगीतशाळांमुळे स्वरलिपी वाचणारी घरं अजून आहेत, तिथे शिक्षक मिळणं त्या मानाने सोपं. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्यं पिढ्यानपिढ्या बनतात. वरातीला ती उत्तम. पण वर्गात सुरेल शिकवायची असतील तर प्रत्येक नग सूर मोजणाऱ्या ट्यूनरसमोर वाजवून निवडा, एका साच्यातले दोनही सारखे निघतीलच असं नाही. सुरुवातीला ट्यूबाऐवजी दोन युफोनियम घेणंही शहाणपणाचं: वजन कमी, किंमत कमी, रिक्षात मावतात. बोटं जवळपास तीच असल्याने मूल नंतर सहज ट्यूबावर जातं. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत पिस्टन लवकर चिकटतात, तेल दुप्पट लागेल.

ट्यूबा वाजवल्याने कॉलेजात प्रवेश किंवा शिष्यवृत्ती मिळते का?

हा प्रश्न मराठी पालक पहिला विचारतात, मी शेवटी ठेवला. व्हायोलिन आणि पियानोच्या मानाने ट्यूबावाले कमी असतात, आणि प्रत्येक बँडला ते लागतातच, त्यामुळे काही ठिकाणी थोडी मदत मिळते. आमच्या मुलीला मिळाली ती वर्षाच्या पुस्तकांपुरती. ती जीवशास्त्र शिकते आणि शनिवारी स्टेडियममध्ये सूझाफोन घेऊन उभी असते. डिसेंबरात ट्यूबा ख्रिसमसला जाते. १९७४मध्ये हार्वी फिलिप्स यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या बर्फाच्या मैदानावर शेकडो ट्यूबावाले गोळा केले, तेव्हापासून हा प्रकार गावोगाव चालतो. कोणीही यावं, वाद्य घेऊन बसावं. मागच्या वर्षी ती शाळेतला तो जुना तीन व्हॉल्व्हचाच मागून घेऊन गेली, तळाला पोचे असलेला. पांढरी चार अजून चढीच लागते म्हणाली.